दोऱ्या सोडलेली वलांडी

दिंडोशीच्या वसतिगृहातून सकाळी सहाला बाहेर पडलो तेव्हा मुंबई धुक्यात होती. धुकं म्हणजे आपल्याकडचं, उसाच्या फडावर उतरणारं नव्हे. जरा मळकट, धुराचा वास असलेलं. पण त्याने समोरचे टॉवर मधूनच पुसून टाकले होते आणि वरचे मजले कशालाही न टेकता उभे होते. दूध संकलनामुळे गेली बावीस वर्षं मी पहाटे चारला उठतो, त्यामुळे सहा वाजता माझ्या डोळ्यांवर झापड असते. या प्रवासातलं बरंचसं मी त्या झापडीतूनच पाहिलं, हे आधीच सांगून टाकतो.

आलो होतो सरकारी खर्चाने. गावोगावच्या सहकारी संस्थांच्या सचिवांसाठी तीन दिवसांचं शिबिर होतं. दोन दिवस व्याख्यानं झाली, त्यात मी मनसोक्त डुलक्या काढल्या. तिसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपल्या धंद्याबाहेरची एक संस्था पाहून यायची होती. माझ्या चिठ्ठीवर मढ बाजूच्या एका कोळीवाड्यातली महिलांची मच्छीमार संस्था निघाली. दूधवाल्याला मासळी दिली म्हणून बाकीचे सचिव हसले. मला मात्र आनंद झाला, कारण समुद्राकाठी बसून ताजं मावरं (मासळी) खायचं स्वप्न मी घरूनच बांधून आणलं होतं.

मेट्रोने अंधेरीला आलो, तिथे दुसरी मेट्रो धरून वर्सोव्याला. गाडी उंचावरून जाते, लोकांच्या तिसऱ्या मजल्यांच्या खिडक्यांशेजारून. एका गॅलरीत एक म्हातारे गृहस्थ तुळशीला पाणी घालत होते, त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि मी उगाचच नमस्कार केला. तोवर गाडी पुढे गेली होती. वर्सोव्याच्या धक्क्यावरून तरीत, म्हणजे खाडीपार नेणाऱ्या होडीत, बसलो. खाडी ओलांडायला पाच मिनिटंही लागत नाहीत, पण त्या पाच मिनिटांत मागचं शहर धुक्यात विरलं, पुढचा काठ अजून दिसत नव्हता, आणि होडीचं इंजिन सोडलं तर जगात दुसरा आवाज उरला नाही. असाच पुढचा काठ न येता दिवसभर जात राहिलो असतो तरी माझी तक्रार नव्हती.

काठ आला. तिथून रिक्षाने कोळीवाड्यात पोहोचलो आणि काहीतरी बिनसलंय हे लगेच जाणवलं. सगळ्या होड्या वाळूवर ओळीने उभ्या. दारांत बायका बसलेल्या, पण कोणी जोरात बोलत नव्हतं. संस्थेच्या एका खोलीच्या कचेरीत प्रणाली भेटली. पंचविशीची, कॉमर्स शिकलेली, संस्थेची सगळी कागदपत्रं तीच बघते. शेजारी तिची सासू हिराबाय, संस्थेची अध्यक्ष. मी पिशवीतून आमच्या संघाच्या कंदी पेढ्यांचा पुडा काढून मोठ्या थाटात पुढे केला. हिराबायने तो घेतला, शांतपणे फडताळात ठेवला आणि सांगितलं की काल दुपारी जानकीबाय गेली. संस्था काढणाऱ्या बायकांतली ती शेवटची. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. दुखवट्याच्या गावात पेढे वाटायला आलेला पाहुणा मीच.

मग प्रणालीने मला वाळवणाची जागा दाखवायला नेलं. गावाच्या टोकाला, समुद्राला लागून एक लांबरुंद मैदान. त्यावर बांबूचे खांब रोवलेले असतात आणि खांबांना आडव्या दोऱ्या. त्याला वलांडी म्हणतात. दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून त्या दोऱ्यांवर टांगायचे, वाऱ्यावर ते सुकतात. फोटोत मी पाहिलं होतं, रांगाच्या रांगा चमकत असतात. इथे मात्र नुसते खांब होते, एकही दोरी नाही, एकही मासा नाही.

या गावची रीत अशी, की स्मशान मैदानाच्या पलीकडे, आणि तिरडी दोरीखालून वाकून न्यायची नाही. कोणी गेलं की गावातल्या सगळ्या बायका येऊन दोऱ्या सोडतात. अर्धवट सुकलेले बोंबील शेजारच्या कोळीवाड्यातल्या नात्यातल्या बायका घेऊन जातात. तिसऱ्या दिवसापर्यंत होड्या समुद्रात जात नाहीत आणि दोरी पुन्हा बांधत नाहीत. मला हे ऐकून फार बरं वाटलं. मेलेल्या माणसासाठी अख्ख्या गावाने वाट मोकळी करायची, यापेक्षा मोठा मान काय असतो.

पण प्रणालीचा चेहरा उतरलेला होता. तीन वर्षांपूर्वी संस्थेने सरकारच्या एका योजनेत अर्ज केला होता. मंजूर झाला तर मैदानाला पक्के ओटे, नळ, शेड मिळणार, आणि मुख्य म्हणजे ही जागा मासळी वाळवण्यासाठी म्हणून संस्थेच्या नावे नोंदली जाणार. पिढ्यान्‌पिढ्या बायका इथे बोंबील टांगतायत, पण कागदावर ही सरकारी पडीक जमीन. मागच्या खेपेला पाहणीला माणूस आला तो पावसाळ्यात. पावसाळ्यात होड्या बंद, खांबसुद्धा उपटून ठेवलेले. त्याने लिहून टाकलं, जागा वापरात नाही. हे निस्तरायला प्रणालीने किती फेऱ्या मारल्या, तिलाच माहीत. शेवटची पाहणी आज अकरा वाजता होती. तारीख पुढे ढकला म्हणून तिने सकाळीच फोन केला, पण यादी आज संध्याकाळी वर जायची होती. आज जागा रिकामी दिसली तर कायमची गेली. पर्यटकांच्या बसगाड्या उभ्या करायला या जागेची मागणी झालेलीच होती.

माझ्यातला सचिव जागा झाला. मी सुचवलं, शेजारच्या गावातून तेच बोंबील दोन तासांसाठी परत आणा, दोऱ्या बांधा, पाहणी झाली की सोडा. आमच्याकडे तपासणीच्या दिवशी पाहुण्यांच्या म्हशी गोठ्यात उभ्या केलेल्या मी पाहिल्यात, त्यांना आपण कोणाच्या गोठ्यात आहोत हेसुद्धा कळत नव्हतं. प्रणालीला पटलं. तिने कचेरीत येऊन सासूला विनवलं.

"आई, तीन वर्षं फेऱ्या मारल्या मी. आज रिकामं दिसलं तर वाट लागली, कळतंय ना तुम्हाला?"

हिराबाय जराही चिडली नाही. "कलतंय गो. पन तिच्या वाटेवर आज दोरी बांधाची नाय. जागा जाते तं जाऊ दे."

प्रणाली उठून बाहेर गेली. थोड्या वेळाने हिराबायने जेवायला वाढलं. दुखवट्यात गावात मासळी शिजत नाही, म्हणून तांदळाची भाकरी आणि वांग्याची भाजी. वांगं मी घरीही खातो. पण ती भाकरी इतकी पांढरी, मऊ आणि गरम होती, आणि वाढणारी इतकी शांत, की मला माझ्या सल्ल्याची लाज वाटली.

अकराच्या सुमारास पाहणीसाठी बाई आल्या. तिशीच्या, खांद्याला पिशवी, हातात फॉर्म. चप्पल काढून हातात घेतली आणि वाळूवरून चालत आल्या. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. त्यांनी मोकळे खांब पाहिले, फॉर्म पाहिला, पुन्हा खांब पाहिले. प्रणालीने काय घडलं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, मला वाईट वाटतं, पण आज जे दिसेल तेच मला लिहावं लागतं. मग जरा थांबून त्यांनी सांगितलं की त्या गोवंडीच्या. त्यांच्या घराची पुनर्वसनासाठी मोजणी झाली तेव्हा आई कामावर गेली होती. दाराला कुलूप दिसलं, मोजणीवाल्याने 'बंद' लिहिलं, आणि तो एक शब्द खोडायला आईची सहा वर्षं गेली. म्हणून त्या पुन्हापुन्हा विचारत होत्या, की इथे कोणाची जागा कुठे, हे दाखवणारा काही कागद आहे का.

"लिवाला कशाला पायजे?" हिराबाय म्हणाली. "आमाला ठाव हाय."

आणि ती चालत जाऊन दोन खांबांच्या मधे उभी राहिली. कोणी हाक मारली नाही, पण दारांत बसलेल्या बायका उठल्या. एकेक करून मैदानात उतरल्या आणि आपापल्या खांबांमधे उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर, हात मोकळे. कोणी कोणाला विचारलं नाही, कोणी सरकून घेतलं नाही. पाहतापाहता धुक्यात रांगा भरल्या. मला वाटलं, आता आपण जागे होऊ आणि वसतिगृहाचा पंखा दिसेल. पण त्या तशाच उभ्या होत्या आणि मागे समुद्र हळूहळू उजळत होता.

बाई पहिल्या रांगेपासून निघाल्या. प्रत्येकीचं नाव विचारायच्या, जागा कोणाकडून आली ते विचारायच्या. सासूकडून, आईकडून, आत्याकडून. सगळं त्या क्रमाने लिहीत होत्या. तिसऱ्या रांगेच्या मधोमध मोकळी जागा आली. त्यांनी पेन थांबवलं आणि ही रिकामी का, असं विचारलं. ती जानकीबायची. तिला मूलबाळ नव्हतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. या संस्थेत जिची वलांडीवर जागा तीच सभासद. प्रणाली सगळे कागद सांभाळत होती, पण सासू हयात असल्यामुळे जागा सासूची, म्हणून ती सभासद नव्हती. आणि वारस नसलेल्या बाईची जागा कोणाला द्यायची, हे बाकीच्या बायका ठरवतात. हिराबायने रांगेतूनच आजूबाजूला पाहिलं. दोघी-तिघी म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

"प्रणाली, तू ऱ्हा उभी तिथं."

प्रणाली जागच्या जागी थिजली. मग हातातली फाईल माझ्याकडे देऊन ती चालत गेली आणि त्या दोन खांबांमधे उभी राहिली. बाईंनी तिला नाव विचारलं.

"जानकीआजीचं लिहा," ती म्हणाली. "मी तिच्या जागेवर उभी आहे."

बाईंनी दोन्ही नावं लिहिली. माझे डोळे भरून आले, ते लपवायला माझ्याकडे फाईल होती.

फॉर्मवर 'आज मासळी वाळत होती का' या प्रश्नापुढे त्यांनी 'नाही' असंच लिहिलं. पण नावांचे चार कागद जोडले, आणि शेऱ्यात सर्व सभासद आपापल्या जागी हजर असल्याचं लिहिलं.

दुपारी तरीतून परतलो. धुकं गेलं होतं, दोन्ही काठ लख्ख दिसत होते. होडीत बसल्याबसल्या मी आमच्या संस्थेचे सभासद आठवायला लागलो आणि मला त्यांचे क्रमांक आठवले. एकशे चार, एकशे पाच. सरकार आम्हाला शीतयंत्र देतं, मापं देतं, शिबिराला पाठवतं; त्याबद्दल मी कधी वाकडं बोलणार नाही. पण कोण कोणाशेजारी उभं असतं, हे काही वरून येत नाही. बावीस वर्षं सचिव असून मी ते कधी पाहिलं नव्हतं, याचं त्या होडीत मला खरोखर वाईट वाटलं.

महिन्याभराने प्रणालीचा फोन आला. जागा संस्थेच्या नावे नोंदली गेली होती. मी अभिनंदन केलं, तर ती मधेच थांबवून म्हणाली की ती आता रोज सकाळी वलांडीवर असते आणि तिला बोंबलांचे जबडे नीट अडकवता येत नाहीत. वारा आला की तिचेच खाली पडतात, आणि शेजारच्या दोघी काही न बोलता उचलून पुन्हा टांगतात.

"हसतात खूप," ती म्हणाली. "पण अजून एकीनेही सांगितलं नाही, की जा गं, तू तुझ्या ऑफिसात बस."