पायाळू

घोडपदेवच्या आमच्या चाळीत जाईबाई सुईणीशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. निम्मी चाळ तिच्याच हातावर जन्मलेली. मी शाळामास्तरीण, मी तेवढी भांडायचे.

छपन्नच्या जानेवारीत मला नववा महिना होता. देवमाशाचा धडा वाचत होते, तेवढ्यात ती पोट चाचपायला आली.

"जाईबाई, देवमाशीण पिल्लाला दूध पाजते."

"मासा कधी दूध पाजतो काय गो? मास्तरीण झालीस म्हणून कायपण सांगशील?"

"मासा नुसता नावाला. पिल्लू बहुधा शेपटीकडून जन्मतं. मग त्याला पाण्यावर उचलतात, पहिला श्वास घ्यायला."

"म्हणजे पायाळूच की!" ती हसली, आणि तिचा हात माझ्या पोटावर थबकला. बाळाचं डोकं वर होतं. "कौसल्या, उद्याच इस्पितळात जायचं."

तिचं स्वतःचं पहिलं मूल पायाळू होतं. ते रडलंच नाही. त्यानंतर पायाळू म्हटलं की ती बाईला इस्पितळात धाडायची.

दुसऱ्या दिवशी संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गोळीबार झाला, संचारबंदी लागली. भरदुपारी मला कळा सुरू झाल्या. रस्ते बंद, इस्पितळ राहिलं; जाईबाईच धावत आली. मी घाबरून विचारलं, "माझं पोर वाचेल ना?"

तिने पदर खोचला. "देवमाशिणीचं वाचतं ना? मग तुझं का नाही? दमानं घे."

आधी पाय आले. तिने ओढाताण केली नाही, वाट पाहिली. मुलगी झाली, पण रडेना. जाईबाई तिला उचलून पाठ चोळत राहिली. "वर ये गो माझे बाय, वर ये!"

आणि सुनेत्राने असा टाहो फोडला! जाईबाई तिच्याहून मोठ्याने रडली.

पायाळूचा पाय लागला की पाठीची उसण जाते म्हणतात. चाळीतली माणसं पाठी धरून यायची. जाईबाई त्यांना हाकलायची. "पोरीचे पाय म्हणजे काय मलम आहे?"

महाराष्ट्र झाला त्या दिवशी गॅलरीत तोरण बांधताना तिच्याच पाठीत उसण भरली. गुपचूप येऊन ती आमच्या चटईवर पालथी पडली.

"सुनेत्रा, लाव पाय."

चार वर्षांची पोर मागे सरली. "मोठ्यांना पाय लावू नये, आई म्हणते."

"लाव गो," जाईबाई म्हणाली. "ह्या पायांना पहिला हात माझा लागलाय."