गळ्यावरची दहा बोटे

सोमवार, पोलीस ठाणे: फक्त कोरकू ही आदिवासी भाषा बोलणाऱ्या बाईच्या नवऱ्याविरुद्धच्या फिर्यादीसाठी दुभाषा म्हणून त्या नवऱ्याचाच चुलतभाऊ. बुधवार, रुग्णालय: सफाई कामगार. शुक्रवार, न्यायालय: शिपाई. जबाबदार: ठाणेदार, वैद्यकीय अधीक्षक आणि न्यायालयाचे प्रबंधक.

शुक्रवारी नवऱ्याच्या जामिनाची सुनावणी होती. याच न्यायालयाचा निवृत्त लघुलेखक असलेला मी मागच्या बाकावर होतो. बाई बोलता बोलता थांबली आणि तिने आपल्याच दोन्ही हातांनी आपला गळा असा आवळला, की डोळे बाहेर आले आणि हात काढल्यावर कातडीवर दहाही बोटे उमटली.

“झटापट झाली म्हणते, साहेब,” शिपाई म्हणाला.

“एवढंच? बराच वेळ बोलत होती,” न्यायाधीशांनी विचारले.

“तेच ते सांगते, साहेब. बायकांचं बोलणं.”

कोणीतरी हसले. ‘झटापट’ टंकलिखित झाली. जामीन मिळाला.

साधी मोटार चालवणाऱ्याची आपण परीक्षा घेतो. दुसऱ्याचा प्राण जिभेवरून वाहून नेणाऱ्याला मात्र ना प्रशिक्षण, ना परीक्षा. माझ्या हातच्या कागदांवरही असे किती गळे एकेका शब्दाने दाबले गेले असतील, या विचाराने माझी बोटे मला परकी वाटतात.

संध्याकाळी तोच नवरा तिला मोटारसायकलवर बसवून घेऊन गेला. बसताना तिने पदर गळ्याभोवती ओढून घेतला.

वरील तिघा अधिकाऱ्यांनी मला खासगी पत्र पाठवू नये. न्यायालयाच्या फलकावर, मराठीत आणि कोरकूत, उत्तर लावावे: पुढच्या तारखेला ती आली नाही, तर तिच्या गळ्यावरची बोटे कोणाची समजायची?