फोटोनं अनाथ केलेली मुलगी

कपाशीवर बोंडअळी पडली त्या वर्षी सोनाळ्याजवळच्या एका गावात, समाजमंदिरात, मी संध्याकाळी मुलांचा वाचनवर्ग घ्यायचे. आईबाप वेचणीवरून परतेपर्यंत मुलं माझ्याकडे असत.

वर्गातल्या एका मुलीच्या घरी एका दुपारी तिची आत्या आली, मेहकरहून, रडतच. अंगणात तिचा भाऊ, म्हणजे मुलीचा बाप, बैलाला पाणी पाजत होता. त्याला पाहताच तिनं त्याचा हात धरला.

"तू गेला म्हणून मोबाईलवर आलं ना रे!"

"मी? काय झालं मले?"

मोबाईलवर त्याच्याच मुलीचा फोटो होता; ती मांडीवर पुस्तक घेऊन बसलेली. खाली लिहिलं होतं, शेतकरी बापानं आत्महत्या केली, पोरगी उघड्यावर पडली, मदत करा. फोटो माझ्या वर्गातला. एका पालकानं कौतुकानं काढून स्टेटसला ठेवला होता. तिथून कोणी उचलला, ते कळलं नाही.

शाळेत बाहेरगावच्या मुली तो मजकूर खरा मानून तिला आपल्या डब्यातलं देऊ लागल्या. ती चिडली, मग वर्गाला येईनाशी झाली.

मी पालकांना बोलावलं. फोटो काढणारा आधीच म्हणाला, "बाई, मी तं चांगल्यासाठीच टाकला होता." त्यानं सगळ्यांसमोर तो पुसून दाखवला.

मुलीच्या आईनं आपला मोबाईल पुढे केला; त्यावर तोच फोटो होता. "अन् हा? हा काल अकोल्याहून आला."

मग मी सांगितलं की फोटो हातातून सुटला की त्याच्याखाली कोणीही काहीही लिहू शकतं. चेहरा, गणवेश, गावाचं नाव दिसत असेल तर पाठवूच नये.

शिवणकाम करणाऱ्या एका मुस्लिम बाईंनी, गावच्या खालांनी, विचारलं, "पर मदत देणारे संस्थावालेच फोटो मागतात, तवा?"

"कशाला हवा, कोण पाहणार, हे विचारायचं. पटलं नाही तर नाही म्हणायचं."

"अन् पोराइले कोन इचारते?" मुलीचा बाप म्हणाला. त्यानं मागं वळून लेकीकडे पाहिलं. "तुले चालते का वो फोटो काढला तं?"

"नाही," ती म्हणाली. आईच्या मागून, पण स्पष्ट.

तेव्हापासून वर्गात फोटो बंद झाले. ती पुन्हा येऊ लागली.

तो फोटो मात्र फिरतच राहिला. उन्हाळ्यात एक अनोळखी गृहस्थ अनाथ मुलीसाठी कपडे घेऊन पत्ता विचारत आले. बापानंच त्यांना आत बसवलं, चहा पाजला आणि सगळं सांगितलं. गृहस्थ ओशाळले. कपडे परत न्यायला ते तयार होईनात, म्हणून आईनं ते शेजारच्या घरी देऊन टाकले.