विजयेंद्रच्या नावाची वाट

सौम्याच्या घरात बिननावाचं भांडं नाही. पणजोबा म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात होते. ते गेले, घोडी गेली, भांडी राहिली. प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं. वापरतं कोण, हे कुणी कोरत नाही.

हीच सवय घेऊन ती म्हैसूरातल्या जयलक्ष्मीपुरमच्या कंपनीत कामाला बसली. काम क्लाउडचं; क्लाउड म्हणजे कुठल्यातरी दूरगावची, भाड्यानं घेतलेली यंत्रं. त्यांच्यातून जोडणीच्या असंख्य वाटा जातात. कुठली कुणाची हे कळावं म्हणून प्रत्येकीला टॅग लावायचा, फराळाच्या डब्याला चिठ्ठी चिकटवावी तसा. बेट्टदपुरच्या दवाखान्यातून हृदयाचा आलेख ज्या वाटेनं म्हैसूरच्या डॉक्टरांकडे यायचा, ती कंपनीतल्याच विजयेंद्रनं बांधलेली. 'मालक' या रकान्यात सौम्यानं आदरानं त्याचंच नाव घातलं.

मग विजयेंद्र नोकरी सोडून गेला. गेलेल्या माणसाच्या नावावरचं सगळं रविवारी आपोआप पुसलं जायचं, असा कंपनीचा नियम. वाट पुसली गेली.

त्याच सकाळी बेट्टदपुरात नागरत्ना नावाची फुलवाली छाती धरून दवाखान्यात आली. नर्स आलेख पाठवत राहिली. इकडे डॉक्टरांचा पडदा कोराच. शेवटी नागरत्नाला म्हैसूरला न्यायला गाडीत घातलं. वाटेतलं हुणसूर यायच्या आत ती गेली.

सोमवारी तिच्या वरिष्ठ, पुण्याहून आलेल्या नमितामॅडम, सौम्याच्या टेबलाशी उभ्या राहिल्या.

"त्याचं नाव कुणी घालायला सांगितलं तुला?"

"त्यानंच केलेली की, अक्का."

"केली त्यानं. पण लागते कुणाला? ते लिहायचं गं!" मग आवाज खाली आला. "परत बांध. माझं नाव घाल."

"तुम्हीपण जाल की कधीतरी."

 सौम्यानं वाट बांधली, मालकाच्या रकान्यात 'बेट्टदपुर दवाखाना' लिहिलं. संध्याकाळी वाट पुसली गेल्याचा ठपका ठेवून कंपनीनं तिला कामावरून काढलं, ओळखपत्र काढून घेतलं.

घरी आईनं, भवानीबाईंनी, पाण्याचा तांब्या पुढे केला. सौम्या त्यावरच्या अक्षरांवर बोट फिरवत राहिली. फत्तेसिंगराव.

"अय्यो, सुम्ने काय बघतीस, उगीच? तुझ्या बाबांनी तुझ्या बारशाला घेतलेला."

"ते नाहीत की आता."

"नाहीत म्हणून भांडं फेकू होय?"

सौम्याला हुंदका आवरेना. तांब्या तसाच भरलेला राहिला.