निळ्या हत्तीतून माझी सुटका

माझं बूड निळ्या प्लॅस्टिकच्या हत्तीत अडकलं, तिथपर्यंत मी शांत होते. मग मला खालून मुंग्या चावायला लागल्या.

सकाळचे अकरा वाजले होते. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, टीव्हीसमोर, मी जमिनीपासून वीतभर उंचीवर बसले होते. पुढे हत्तीचे डोळे आणि सोंड, दोन्ही बाजूंना दोन कान, आणि कानांच्या मध्ये मी. लहान मुलांना हात टेकवायला केलेले ते कान माझ्या कमरेत असे रुतले होते की मी श्वास घेतला की हत्ती कान हलवायचा! समोर माझी अडीच वर्षांची नात रेवा गळा काढून रडत होती. आतल्या खोलीत सून गायत्री दार लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. आणि मला अजिबात हसू येत नव्हतं. (आता येतं. तेव्हा नाही.)

हा हत्ती म्हणजे रेवाची पॉटी. मी त्यात का बसले, ते सांगते. रेवाला सहा दिवस शी झाली नव्हती.

सहा दिवस! पोट ढोलकीसारखं टणक. खाणं नाही, खेळणं नाही. मधूनच पडद्यामागे जाऊन पायांची कात्री करून उभी राहायची, तोंड टोमॅटोसारखं लाल व्हायचं. "आली वाटतं, आली!" म्हणून आम्ही धावलो की पाय आणखी घट्ट! मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी पातळ औषध दिलं होतं, आणि आदल्या दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, "उद्या संध्याकाळपर्यंत नाही झाली तर पाच वाजता घेऊन या. एनिमा द्यावा लागेल." तेव्हापासून गायत्री रडकुंडीला आली होती. मी रडत वगैरे नाही. पण त्या सकाळी मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि पूर्ण कप पिऊन टाकला. लक्षातच आलं नाही.

हत्ती आणला गायत्रीने. फोनवरून मागवला आणि तो आला त्याच दिवशी डायपर बंद केले.

"आई, आता बंद म्हणजे बंद. मधूनच परत दिला तर मूल कन्फ्यूज होतं."

"आमचा मंदार दीड वर्षाचा असताना सगळं शिकला होता," मी म्हटलं.

"आई, मंदार अजूनही पाऊण तास आत बसतो."

माझ्याच मुलाबद्दल बोलली, आणि खरं बोलली!

तर ज्या दिवशी घरात हत्ती आला, त्याच दिवसापासून शी बंद. हे घरातल्या तिघा मोठ्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिघांत दोन इंजिनियर आहेत. (तिसरी चौथी पास. ती मी.) रेवाला हत्तीवर बसवायला गेलं की पोरगी फळीसारखी ताठ व्हायची आणि किंचाळायची, "नाऽऽही!" एरवी मात्र तिचं त्याच्यावर फार प्रेम. एकदा माझ्या कुंडीतली जास्वंद तोडून त्याच्या डोक्यावर ठेवली. गायत्रीने लगेच फोटो काढून मंदारला पाठवला, खाली लिहिलं, "हत्तीशी मैत्री होतेय!"

माझे उपाय चालूच होते. भिजवलेल्या काळ्या मनुका, अंजीर, पपई. मनुका हातावर ठेवल्या की रेवा मूठ मिटून पळायची आणि परत यायची तेव्हा मूठ रिकामी. मला वाटायचं, गुणाची गं बाई, सगळ्या खाल्ल्या! औषध तेवढं मी स्वतः चमच्याने पाजायचे. डॉक्टरीणबाईंसमोर एकदा एरंडेलाचं नाव काढलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आत्ताच येरवड्याहून सुटून आले आहे!

त्या सकाळी मीटिंगला जाताना गायत्री म्हणाली, "आई, मुलं बघून शिकतात. तुम्ही जरा टेडीला हत्तीवर बसवून दाखवा ना तिला."

टेडीला, म्हणाली होती. पण टेडी सोफ्याखाली गेला होता आणि माझ्याने खाली वाकवत नाही. म्हणून मी स्वतःच बसले. (जिला वाकवत नाही ती वीतभर उंचीच्या हत्तीवर बसते कशी, हा विचार नंतर आला.) पातळ सावरलं, नीट बेत करून खाली गेले आणि म्हटलं, "बघ रेवा, आजी कशी बसली! आता आजी शी करणार! हुंऽऽ! हुंऽऽ!"

कट्ट असा आवाज झाला आणि हत्तीचे कान कमरेत रुतून बसले.

रेवाने भोकाड पसरलं. "आजी उठ! उठ ना! बाप्पा लागवेल!"

"कोण रागवेल?"

तिने रडत रडत सोंडेकडे बोट दाखवलं. "बाप्पा!"

मी सोंडेकडे पाहिलं. मग देव्हाऱ्यातल्या गणपतीकडे पाहिलं. मग पुन्हा सोंडेकडे.

अगं बाई!

ही करणी माझी होती, दुसऱ्या कुणाची नाही. रोज सकाळी रेवाला देवापुढे उभी करून मीच शिकवलं होतं, सोंड दिसली की जय करायचा. चहाच्या डब्यावर हत्ती, जय कर. रिक्षाच्या काचेवर हत्ती, जय कर. एकदा लिफ्टमध्ये एका जाड्या गृहस्थाच्या शर्टावर हत्ती होता, तर या पोरीने त्यांच्या पोटाला हात लावून नमस्कार केला! बाप्पाला पाय लावायचा नाही, बाप्पावर बसायचं नाही, हेही मीच घोकून घेतलं होतं. "आमच्या रेवाला संस्कार फार," असं मी खाली बाकावर बसून चार बायकांना ऐकवलंही होतं. आणि सहा दिवस ते संस्कारी पोर देवावर शी करायला नकार देत होतं, आणि आम्ही तिला एनिमा द्यायला निघालो होतो!

तेवढ्यात पहिली मुंगी चावली. मग दुसरी. मग त्यांनी मोजायला सवडच दिली नाही.

"गायत्रीऽऽऽ!"

दार उघडलं. कानाला हेडफोन लावलेली गायत्री बाहेर आली. "आई, मी म्यूटवर नाहीये, जरा हळू..." आणि तिने मला पाहिलं. "अहो आई! तुम्ही त्यात बसलात कशा?"

"बसणं सोपं होतं. उठायचं काय, ते बघ."

हेडफोनमधून कोणीतरी साहेब विचारत होते, एव्हरीथिंग ओके? गायत्री भाबडेपणाने म्हणाली, "सर, माय मदर-इन-लॉ इज स्टक इन ॲन एलिफंट." मीटिंग तिथेच संपली.

गायत्रीने माझे दोन्ही हात धरून ओढलं. मी उठले. हत्तीही उठला! कमरेत वाकलेली मी, मला घट्ट धरून तो, आणि समोर रेवा हात जोडून उभी! तशात हत्तीच्या पोटातलं भांडं निसटलं आणि फरशीवर सडा पडला. काळ्या मनुका. अंजिराचे तुकडे. पपईच्या वाळलेल्या फोडी. अर्धी बिस्किटं. सुकलेली जास्वंद. आणि लाल मुंग्यांची अख्खी वसाहत.

"आई, हे तुमच्यातून काय पडतंय?" गायत्री किंचाळली.

"पसाद!" रेवा म्हणाली.

म्हणजे सहा दिवस मी जे जे तिच्या मुठीत दिलं, ते ते तिने इमानेइतबारे बाप्पाला नैवेद्य म्हणून वाहिलं होतं. पॉटी कधी वापरलीच नव्हती, तर तिचं भांडं उघडून कोण बघणार! पोरीच्या पोटात काही नाही, हत्तीच्या पोटात सगळं, आणि त्या नैवेद्यावर मी ऐसपैस बसले होते.

आवाज ऐकून समोरच्या पटवर्धनबाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, पण आवाजातून शाळा गेलेली नाही. दारातूनच म्हणाल्या, "दुपारी एक ते चार शांतता पाळा, असं मी आजवर सांगत आले. आता अकराचाही नियम करावा लागणार दिसतोय." मग चष्मा सारखा करून माझ्या मागे गेल्या, वाकल्या आणि हत्तीच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचून म्हणाल्या, "वजनाची मर्यादा पंधरा किलो."

"बरं."

"आपण ती पाच वेळा ओलांडली आहे."

"हिशेब नंतर करा हो! आधी मुंग्या झाडा!"

गायत्रीने मंदारला ऑफिसात फोन लावला. तो म्हणाला, "आईला सांग, अजिबात हलू नकोस." हलता येत असतं तर तुला फोन कशाला केला असता रे?

पटवर्धनबाई म्हणाल्या, "आमच्याकडे करवत आहे. एक कान कापला की सुटतील." हे ऐकताच रेवाने हत्तीच्या कानाला मिठी मारली. (म्हणजे माझ्या कमरेलाही.) "बाप्पाचा कान नाही कापायचा!" करवत रद्द झाली, खोबरेल तेल ठरलं. दोघींनी मला हत्तीसकट पुन्हा खाली टेकवलं, मी सोंडेच्या दोन्ही बाजूंनी पाय लांब सोडले, आणि पटवर्धनबाई वडे तळायला बसल्यासारख्या बाटली घेऊन बसल्या. एका बाजूने तेल, दुसऱ्या बाजूने केरसुणी.

गायत्रीचा धीर तिथे सुटला. "पाच वाजता हिला न्यायचंय, ती इवलीशी नळी बघूनच मला... आणि आता तुम्हाला कुठे नेऊ, आई? कुठल्या डॉक्टरांकडे?"

मी काहीतरी खरमरीत बोलणार होते. तेवढ्यात रेवाचं रडं थांबलं. ती माझ्या लांब केलेल्या पायांकडे बघत होती.

रेवा तान्ही असताना मी तिला पायांवर बसवायचे. जमिनीला बूड टेकून पाय पुढे सोडायचे, पावलं जुळवायची, त्यांच्यावर मूल आपल्याकडे तोंड करून बसवायचं, खाली कागद, आणि तोंडाने शूऽऽ म्हणायचं. आमच्याकडे सगळी मुलं अशीच शिकली. गायत्रीला ते घाण वाटायचं, म्हणून रेवा वर्षाची झाल्यावर मी सोडून दिलं. मी विसरले होते. पोरगी विसरली नव्हती.

ती हळूच आली. चड्डी खाली केली. माझ्या पावलांवर टेकली, माझे गुडघे घट्ट धरले आणि फर्मान सोडलं, "आजी, शू कल."

"कोणी हलू नका," मी म्हणाले. (मी तर हलणारच नव्हते.)

पटवर्धनबाईंनी सोफ्यावरचा पेपर ओढून माझ्या पायांखाली सरकवला.

"अहो, तो आजचा आहे! मी वाचला नाही अजून!"

"मग काय, गेल्या आठवड्यातला शोधत बसू?"

मी शूऽऽ सुरू केलं. रेवाचं तोंड लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं. "दुखतंय," म्हणाली, आणि पायांची कात्री करायला लागली. गेली संधी! मी तिचे हात धरले. "दुखू दे. आजीला पण मुंग्या चावतायत. दोघी मिळून जोर करू. हुंऽऽ!" गायत्रीही खाली बसून शूऽऽ करायला लागली. पटवर्धनबाईंनी जन्मभर वर्गाला गप्प करायला जो शूऽऽ वापरला, तोच लावला. तीन कुकर एकदम चढवल्यासारखा हॉल फुसफुसत होता!

आणि झाली. सहा दिवसांची, एका दमात, निम्मी पेपरवर आणि निम्मी माझ्या पायांवर.

रेवा उठली, वाकून नीट पाहणी केली आणि म्हणाली, "केवढी!"

गायत्रीने तिला उचलून छातीशी धरलं आणि मोठमोठ्याने रडायला लागली. पटवर्धनबाईंनी चष्मा पुसला. मी पाय धुवायला पाणी मागत होते, तिकडे कोणाचं लक्षच नाही. "अगं, तिचं झालं! आता माझं बघा कोणीतरी!" असं मी ओरडले आणि मग मलाच हसू फुटलं. असं हसले, असं हसले, की पोट आत बाहेर व्हायला लागलं, तेलाने आपलं काम केलं, आणि फट्ट आवाज करून मी सुटले ती थेट फरशीवर उताणी! हत्ती गडगडत टीव्हीखाली गेला. रेवा त्याच्यामागे धावली, कान धरून म्हणाली, "सॉली बाप्पा. आजी जाड आहे."

साडेबारा वाजता गायत्रीने डॉक्टरीणबाईंना फोन केला. "मॅडम, रेवाला झाली. पण पाच वाजता घरातल्या दुसऱ्या पेशंटला आणलं तर चालेल का? मुंग्या चावल्यात आणि कंबर धरली आहे."

"वय काय?"

"एकाहत्तर."

"मी बारा वर्षांपर्यंतच बघते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्या दिवशी हॉलमध्ये आम्ही चौघी होतो. रेवा, गायत्री, पटवर्धनबाई आणि मी. चौघीही वाचलो. मलम फक्त मला लागलं.