अण्णाचा लाल शिक्का

अण्णा गेल्याचं मला बंगळुरात बेळ्ळंदूरच्या सिग्नलला कळलं, तेही घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. चिकपेटचा माझा आत्तेभाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. या गोष्टीला आता सहा महिने होऊन गेले. शेवटचं कधी भेटलो ते तेव्हा आठवायला बसलो, तर वर्ष उलटलेलं... ट्रॅफिकला दोष देणं फार सोपं आहे.

अण्णा एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. यंत्राच्या एखाद्या भागाचं सुधारलेलं ड्रॉइंग आलं की जुन्यावर लाल शाईने 'ऑब्सोलीट' असा शिक्का मारायचा, हे त्याच्याकडचं काम. शाळेत असताना मी त्याला विचारलं होतं, "म्हणजे मोडकं, टाकाऊ?" "छे रे! स्वल्प थांब," म्हणत त्याने जाडजूड डिक्शनरी काढली. शब्द मूळचा लॅटिन, आणि त्याच्या पोटात बहुधा 'सवय असणं' या अर्थाचं क्रियापद. "बघ, वस्तू बिघडलेली नसते. आपली सवय सुटते, एवढंच." पुढे कॉम्प्युटर आले, त्याचा विभागच बंद झाला. शेवटच्या दिवशी शिक्का खिशात घालून घरी आला आणि म्हणाला, "आता माझ्या कपाळावर मारा." आम्ही सगळे हसलो. हसायला नको होतं.

मग तो शिक्का त्याच्या टेलिफोन डायरीत चालू लागला. ज्याने येणं, फोन करणं सोडलं, त्याच्या नावावर लाल शिक्का. मेलेल्यांच्या नावावर मात्र नाही. "त्यांनी कुठे आपणहून सोडलं?" म्हणायचा. मी दर रविवारी साडेदहाला कॉफीला जायचो, तेव्हा मला कसली भीती? पुढे तिथून लांब, व्हाइटफील्डला फ्लॅट घेतला. रविवारचं जाणं पंधरवड्यावर गेलं, महिन्यावर गेलं, आणि मग राहूनच गेलं.

तेराव्याला वहिनींनी ती डायरी माझ्या हातात दिली. हिय्या करून माझं पान उघडलं. शिक्का नव्हता. जुना नंबर खोडून माझा नवा नंबर लिहिलेला, थरथरत्या अक्षरात.

"मीच एकदा रागाने म्हटलं, मारा शिक्का," वहिनी म्हणाल्या. "तर म्हणतात, थांब गं, येईल तो. दर रविवारी तुमची खुर्ची पुसून ठेवायचे."

आता मी दर रविवारी साडेदहाला जातो. माझ्या खुर्चीत बसतो. समोरची रिकामी असते. वहिनी एकच कॉफी आणतात. मला सवय लागली आहे.