बाबलचा बरा झालेला खांदा

मुंबईहून मालवणला मी गेलो तो बारा काचा पुसून आणायला. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती आणि माझा तीन वर्षांचा प्रबंध चार महिने अडला होता.

विषय होता द्रव-स्फटिकांचा. आमची एक पिवळसर भुकटी तापवली की आधी गढूळ होऊन वितळते. धड खडा नाही, धड पाणी नाही. तिचे लांबट कण काचेवरच्या बारीक रेघांच्या ओळीत निमूट आडवे होतात. या रेघा डोळ्यांना दिसत नाहीत, काच कापडाने घासली की उमटतात. आमच्या प्रयोगशाळेचा शिपाई बाबल काचा पुसायचा तेव्हा कण शिस्तीत बसत. तो खांद्याच्या दुखण्यासाठी देवबागला घरी गेला आणि कण उधळले. मी पुसलं, माझ्या मार्गदर्शक सरांनी पुसलं, काचेवर काळी-उजळ ठिगळंच ठिगळं. शेवटी सर म्हणाले, काचा घेऊन जा, आणि जमलं तर बाबललाही घेऊन या.

बोट मालवणपासून लांब थांबली. उतारू होडीत उतरले. लाटेने मी घसरलो, पण काचांची पेटी डोक्यावर धरून ठेवली. होडीवाल्याने आत काय आहे ते विचारलं. पुसायच्या काचा, असं मी सांगितलं. वल्हं मारता मारता तो म्हणाला, “मुंबैत पुसणारो कोण गावलो नाय?”

तारकर्लीच्या वाळूतून चालत देवबागला पोचलो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधल्या माडांत बाबलचं घर. तो धावतच सामोरा आला आणि त्याने माझी पेटी उजव्या हाताने वर उचलली. मुंबईत तो हात खांद्याच्या वर जात नसे. त्याच्या बायकोने, सुभद्राने, चार महिने उंडीचं तेल (इथल्या झाडाच्या बियांचं, दुखण्यावरचं) चोळून तो सोडवला होता. जेवायला बांगड्याचं तिखलं (तिरफळ घातलेलं दाट कालवण) होतं. मी दोनदा भात घेतला.

मग बाबलने पहिली काच पुसली. मी भुकटी घातली, दुसरी काच वर ठेवली, स्टोव्हवर धरली आणि पोलरॉइडच्या काळ्या चष्म्याची दोन भिंगं, एक उभं एक आडवं, तिच्या पुढेमागे धरून उजेडाकडे पाहिलं. ठिगळं. पुढच्या जोडीतही ठिगळं. दहा काचा वाया गेल्या. शेजारीपाजारी अंगणात जमले होते. बाबल खाली मान घालून बसला. आपलं कसब गेलं, असं त्याला वाटलं असावं.

सुभद्रा मासे साफ करता करता पाहत होती. ती मला म्हणाली, “ह्येंचो हात तेव्हा मागे फिरत नाय होतो. उचलूनच आणूचो लागत होतो.”

तीन वर्षांचं आमचं शास्त्र एका आखडलेल्या खांद्यावर उभं होतं. बाबल एकाच दिशेने पुसायचा, कारण उलट दिशा त्याला दुखायची. आता हात मोकळा होता आणि आनंदाने मागेपुढे फिरत होता. त्याचं कोपर मागून धरून ठेवता येईल का, असं मी सुभद्राला विचारलं. ती उठून उभी राहिली.

“बरो झालेलो खांदो मी परत बांधूचंय नाय.”

मला लाज वाटली. उरलेल्या दोन काचा मी स्वतः घेतल्या. बाबल शेजारी बसून मला दुखायला शिकवू लागला.

“घाई करू नकात. हात मागे आणलात तर हाडात सुई घुसतली, असा समजा.”

मी समजलो. हात पुढे नेला, कण्हत उचलला, पुन्हा ठेवला. शेजाऱ्यांपैकी एकाने माझ्यासाठी तेलाची बाटली आणली. अर्ध्या तासाने काच तापवून पाहिली तर ती एकसारखी काळी दिसली. थोडी फिरवली की सगळी एकदम उजळायची. कुठे ठिगळ नाही. बाबलने भिंगांतून पाहिलं आणि हसला.

निघताना मी सरांचा निरोप सांगितला. तो म्हणाला, “आता माका होडी वलवूक येता. मुंबैत येवन काय करू, साहेबांनू?” मला बंदरापर्यंत सोडायला त्याने खाडीतून स्वतःच होडी काढली. तो वल्ह्याकडे बघत होता, मी त्याच्या खांद्याकडे.

मुंबईत आता सगळे एकाच दिशेने पुसतात. प्रबंधात मी लिहिलं आहे: काच एका दिशेने पुसावी, हात मागे आणताना उचलावा. सरांनी कारण विचारलं नाही. त्या किनाऱ्यावर बाबलचा खांदा बरा झाल्याचं वाईट वाटलेला मी एकटाच माणूस होतो, हे लिहायला प्रबंधात जागा नव्हती, म्हणून इथे लिहिलं.